ऐकू येते, पण कळत नाही

वार्धक्यातील श्रवणऱ्हासाने त्रस्त असलेल्या व्यक्तीला बोलण्याचा आवाज बहुधा पोहोचतो, मात्र शब्द उमगत नाहीत; घरच्यांना हे दुर्लक्ष वाटते, आणि हा आरोप अन्यायाचा असतो. अंतर्कर्णातील गोगलगाईच्या शंखासारख्या नलिकेत, म्हणजे कर्णशंखात, ध्वनिकंपनांचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणाऱ्या सुमारे १५,००० केशपेशी असतात, त्यांपैकी उच्च कंप्रतेचे (सेकंदाला अधिक कंपनांचे) ध्वनी टिपणाऱ्या पेशी सहसा आधी निकामी होतात आणि माणसात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. स्वरांची बरीचशी ऊर्जा १,००० हर्ट्झच्या आसपास वा त्याखाली असल्याने ते ऐकू येतात, परंतु ‘स’ची ऊर्जा मुख्यतः ४,००० हर्ट्झच्या वर असल्याने ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतील भेद पुसला जातो.

ओरडल्याने स्वरच अधिक मोठे होतात. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण तो थोडा वाढताच असह्य होतो. श्रवणयंत्र ध्वनी वाढवते, तरी लग्नाच्या पंगतीत भांड्यांचा खणखणाटही त्यासोबत वाढतो. त्यामुळे समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलणे अधिक उपयोगी ठरते.