एसटीडी बूथच्या काचा

आमच्या शाळेच्या फाटकाला लागून एक लाकडी खोकं उभं होतं. पौड सोडून मुळशी धरणाकडे निघालं की रस्त्याच्या कडेलाच. कमरेपर्यंत प्लायवूड, वर तीन बाजूंना काचा. दारावर पूर्वी पिवळ्या रंगात 'एसटीडी आयएसडी पीसीओ' लिहिलेलं होतं. पावसाने बाकीची अक्षरं धुऊन नेली आणि फक्त 'एसटी' उरलं. त्यामुळे नवखी माणसं तिथे बसची वाट पाहत उभी राहायची आणि मुलं फाटकातून हसायची.

हा बूथ चाचांचा. लहानपणी पोलिओने त्यांचे दोन्ही पाय गेले होते. त्या काळी पीसीओ वाटताना सरकार अपंगांना आणि विधवांना प्राधान्य द्यायचं, त्यातून त्यांना हा मिळाला. त्यावर त्यांनी तीन मुली शिकवल्या आणि त्यांची लग्नं केली. पुढे मोबाइल आला, मीटर थांबलं. मग रिचार्ज कूपनं, मग झेरॉक्स, मग नुसतंच बसणं. दोन वर्षांपूर्वी चाचा अल्लाहला प्यारे झाले. भंगारवाला तीनदा येऊन भाव सांगून गेला. तिसऱ्या खेपेला खाला शाळेत आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, ते खोकं तुम्ही घ्या. मुलांची पुस्तकं ठेवा त्यात. पण दोन गोष्टी. कुलूप लावायचं नाही. आणि आतून बाहेरचं दिसलं पाहिजे."

दुसऱ्या अटीचं कारण आम्हाला ठाऊक होतं. चाचांना उठून कुणाकडे जाता येत नसे. काचेतून एसटीतून उतरणारी माणसं ते न्याहाळत आणि आतूनच हाक मारत, "अरे, तुझ्या भावाचा फोन आला होता, आठ वाजता परत करणार आहे!" निम्म्या गावाचे निरोप त्या काचेतून गेले.

फुटक्या काचा बदलायच्याच होत्या. आठवीच्या मुलांनी कुठेतरी लंडनच्या लाल टेलिफोन बॉक्सचं चित्र पाहिलं, त्याला चर्चसारख्या रंगीत काचा बसवलेल्या. "सर, आपण असं करू!" तिकडे ब्रिटिश टेलिकॉमने २००८पासून हे रिकामे बॉक्स एका पौंडात गावांना द्यायला सुरुवात केली. कुठे त्यात वाचनालय झालं, कुठे हृदयविकाराच्या झटक्यात लागणारं यंत्र ठेवलं, कुठे हौशी कलाकारांनी काचा रंगवल्या. त्यातल्या सर्वांत परिचित बॉक्सला, १९३५ साली आखलेल्या, एका बाजूला काचांच्या आठ ओळी असतात. प्रत्येक ओळीत मधली काच रुंद आणि कडेच्या दोन अरुंद. म्हणजे चोवीस चौकटी आयत्या तयार!

हा बॉक्स आखणारे वास्तुरचनाकार म्हणजे सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट. मुलांना आम्ही विचारलं, यांच्या आजोबांचं काम तुमच्यापासून किती लांब आहे? कुणी लंडन म्हणालं, कुणी दिल्ली. खरं उत्तर मुंबईतलं ओव्हल मैदान. तिथला राजाबाई टॉवर, त्याखालचं विद्यापीठाचं ग्रंथालय आणि शेजारचं दीक्षान्त सभागृह यांचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. ते हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत, आराखडे तिकडूनच पाठवले. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने पैसा दिला. १८६९ साली पाया घातलेला टॉवर नोव्हेंबर १८७८मध्ये पुरा झाला, तोवर स्कॉट वारलेही होते. या इमारतींमधल्या रंगीत काचा आपल्याकडच्या नामांकित काचांमध्ये मोडतात. दीक्षान्त सभागृहाच्या गोल खिडकीत बारा राशी आहेत. काचेला एक विषय असतो तो असा.

सहलीत मुलांना तिथे नेलं आणि मुलं हिरमुसली. मैदानातून, भर दुपारी, त्या खिडक्या नुसत्या काळपट दिसत होत्या. एक मुलगी म्हणाली, "सर, यात रंग कुठंय?" आमच्या मते त्या सहलीतला हाच सर्वांत मोलाचा प्रश्न. रंगीत काच भिंतीवरच्या चित्रासारखी नसते, ती प्रकाश गाळते. उजेड ज्या बाजूला असेल त्याच्या उलट बाजूने ती पाहायची. दिवसा आत बसलेल्याला रंग दिसतात, रात्री आत दिवा लावला तर रस्त्यावरच्याला. तेव्हा आपल्या बूथच्या काचा आखायच्या त्या आत पुस्तक घेऊन बसणाऱ्यासाठी, रस्त्यावरून फोटो काढणाऱ्यासाठी नव्हे, हे ओव्हल मैदानावरच ठरलं.

विषय मात्र ठरेना. एका गटाला मुळशीचा जलाशय हवा होता. धरणात बुडालेली गावं, १९२१ साली सेनापती बापट यांच्यासोबत उभे राहिलेले मावळे शेतकरी, आणि इथल्या पाण्यावर झालेली वीज मुंबईला गेली तो सगळा इतिहास. दुसऱ्याला काजवे, कारवी आणि आंबेमोहोराची खाचरं. तिसऱ्याला चाचांचा चेहरा, कानाला फोन लावलेला.

चेहऱ्याला खालांनीच नको म्हटलं. "फोटो घरात नाही लावला, रस्त्यावर कशाला?" एका पालकांनी तर रंगीत काच आपल्यात चालते का, असंच विचारलं. त्यांना आम्ही शिराजच्या नासिर-उल-मुल्क मशिदीचं छायाचित्र दाखवलं. १८७६ ते १८८८ या काळात, म्हणजे राजाबाई टॉवरच्या आगेमागेच, ती बांधली गेली. सकाळी तिच्या गालिच्यांवर लाल-निळ्या काचांचं ऊन पडतं आणि तिथे ना माणूस आहे ना प्राणी. इस्तंबूलच्या सुलेमानिया मशिदीतही रंगीत काचा आहेत. पालक बराच वेळ छायाचित्र पाहत राहिले आणि म्हणाले, "मग जरा चांगलंच करा."

जलाशयाचा विषय मोठा खरा, पण तो भिंतीवर काढावा. ज्या खोक्यात बसून माणसं बोलली, त्याच्या काचेत त्या बोलण्याचं काही असावं, असं आमचं मत पडलं. आणि ते मिळालं खालांच्या ट्रंकेत. चाचांची वही. तारीख, वेळ, नाव, कोड, नंबर, रुपये. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, त्यामुळे वहीतली अर्धी पानं अकरा ते बारामधली. मुलं नावं वाचू लागली. "सर, ही माझी आजी!" आणि आम्ही वही मिटली.

का मिटली ते सांगतो. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा आमचा थोरला भाऊ तिथे एका गॅरेजमध्ये होता. फोन बंद, पत्र बंद. अम्मी रोज मगरिबनंतर बूथच्या बाहेर पायरीवर बसायची. चाचा रोज सांगायचे, "आपा, आज लाइन खराब आहे." लाइन खराब नव्हती, फोनच येत नव्हता. पाचव्या आठवड्यात दुपारी चाचांनी पोराला पळवत घरी पाठवलं. भाऊ जॉर्डनमध्ये, अम्मानला पोहोचला होता, विमानाच्या रांगेत. दीड लाखाहून अधिक भारतीयांना त्या वेळी तिथून विमानांनी आणलं गेलं, त्यातला तो एक. अम्मी फोनवर काय बोलली ते चाचांनी ऐकलंच असणार, खोकं ते केवढं! पण शेवटपर्यंत त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. आम्हालाही नाही. त्यांनी राखलेली गोष्ट आम्ही काचेवर कशी मांडणार?

तेव्हा नावं नाहीत, नंबर नाहीत, वेळा नाहीत. घेतले फक्त कोड. वहीत सर्वांत जास्त आलेले आठ कोड मुलांनी मोजून काढले: मुंबई ०२२, पुण्याचा जुना ०२१२, महाड ०२१४५, भिवंडी ०२५२२, मिरज ०२३३, कुवेत ००९६५, सौदी ००९६६, अमिरात ००९७१. आठ कोड, आठ ओळी, त्या लंडनच्या बॉक्ससारख्या. सर्वांत लांब कोड पाच आकड्यांचा, म्हणून पाच रकाने. प्रत्येक आकड्याला एक रंग. एक पिवळा, दोन निळा, तीन नारिंगी, चार गुलाबी, पाच हिरवा, सहा मधासारखा, सात आकाशी, आठ जांभळा, नऊ लाल. शून्य म्हणजे साधी, पारदर्शक काच.

कागदावर चौकटी रंगवल्या आणि सगळे गप्प झाले. प्रत्येक कोड शून्याने सुरू होतो, त्यामुळे आत बसलं की डावीकडचा पहिला रकाना वरपासून खालपर्यंत मोकळा. आणि तीच बाजू बस थांब्याकडे. खालांची अट आम्ही विसरून गेलो होतो, ती आपोआप पाळली गेली होती. दुसऱ्या रकान्यात वरच्या पाचही ओळी निळ्या, कारण आपल्या बाजूचे कोड ०२ने सुरू होतात. खालच्या तीन ओळी परदेशाच्या, तिथे दुसरंही शून्य, पुन्हा मोकळी काच, आणि पुढे लाल नऊ. एवढ्यात एक मुलगा रडकुंडीला आला. त्याने आठासाठी जांभळा रंग निवडला होता आणि आठ कुठेच नव्हता. "सर, गोव्याचा कोड ०८३२ आहे!" आहे खरा, पण गोव्याला गावातून कुणी फारसे फोन केलेलेच नव्हते.

आता कामाबद्दल. चर्चच्या आणि राजाबाईच्या धाटणीच्या काचा शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांधे डाख देऊन जोडतात. शिसं विषारी, मुलांच्या हातात ते द्यायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलं. मग आठवली इराणातली 'ओरसी' खिडकी. तिथे लाकडाची जाळी करतात आणि तिच्या खाचांत रंगीत काचा बसवतात. शिसं नाही, डाख नाही. गावच्या सुतारांना चित्र दाखवलं. ते म्हणाले, "ही तर आपली चौकटच की, फक्त बारीक." जुन्या दाराच्या सागवानातून त्यांनी पट्ट्या काढल्या आणि खाचा पाडल्या.

काच सुतारांनीच कापली, मुलांनी पाहिली. हिरकणीचं चाक रॉकेलमध्ये बुडवायचं, एकाच दाबाने एकच रेघ, पुन्हा त्यावरून फिरवायचं नाही, मग रेघेखाली आधार देऊन दोन्हीकडून हलकेच दाबायचं. काच रेघेवरच तुटते. कडा पाण्याखाली पॉलिश पेपरने घासायच्या. एका पालकांनी प्रेमाने गाडीच्या दाराची जुनी काच आणून दिली. तिच्यावर हिरकणी चालवायची नसते हे आम्हाला ठाऊक नव्हतं. क्षणात तिचे खडीसाखरेसारखे तुकडे झाले. टफन्ड काच कापता येतच नाही, हा धडा महागात नाही पडला एवढंच.

निळी, हिरवी आणि मधाच्या रंगाची काच पुण्यात दुकानात मिळाली. बाकीच्या रंगांसाठी काचेवरचे पारदर्शक रंग वापरावे लागले. दोन्हींत फरक आहे. खऱ्या रंगीत काचेत रंग भट्टीतच मिसळलेला असतो, कोबाल्टने निळा, तांब्याने किंवा लोखंडाने हिरवा. तो उन्हाने उडत नाही. वरून लावलेला उडतो, आमचा लाल नऊ पहिल्याच उन्हाळ्यात फिका पडला. काच भट्टीत घडते म्हणून मुलांना तळेगाव दाभाड्याची गोष्टही सांगितली. आपल्या शेजारच्या मावळात, लोकांकडून एकेक पैसा जमवून अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि १९०८ साली त्यातून काच कारखाना निघाला.

चाळीस चौकटींपैकी छत्तीस कोडांनी भरल्या. मुंबईपुढे दोन, पुण्यापुढे एक, मिरजेपुढे एक, अशा चार रिकाम्या राहिल्या. तिथे काय, यावर वाद चालू असतानाच खालांच्या नातीने एक बिस्किटांचा डबा आणून दिला. आत हिरव्या बांगड्या, काही अख्ख्या, बऱ्याच तुटक्या. निरोप एवढाच की इद्दत संपल्यापासून डबा कपाटात पडून आहे, काचकामाला उपयोगी पडेल. दोन साध्या काचांमध्ये ते तुकडे ठेवून कडा सिलिकॉनने बंद केल्या. जांभळ्याच्या मुलाने त्यातल्या एका चौकटीत आपल्या रंगाचा नखाएवढा तुकडा सरकवला. आम्ही पाहिलं, पण बोललो नाही.

उरलेल्या दोन बाजूंना साधीच काच ठेवली. तिन्ही बाजू रंगवल्या असत्या तर आत पुस्तक वाचता आलं नसतं. पुस्तकं आता सव्वाशे आहेत, मराठी जास्त, उर्दू थोडी. कुलूप नाही.

ऊन तिरपं झालं की रंग आतल्या बाकावर उतरतात. खाला पहिल्यांदा आल्या त्या दिवशी रंगांकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. बाकावर बसल्या, डावीकडच्या मोकळ्या रकान्यातून बाहेर पाहिलं. पौडची गाडी येऊन उभी राहिली. "चौगुलेबाईंचा धाकटा उतरला बघा," त्या म्हणाल्या, "केवढा झाला."

मुळशीच्या पावसाने मात्र पहिल्याच वर्षी हिसका दाखवला. लाकूड फुगलं, महाडच्या ओळीत लांबी सुटली आणि बांगड्यांच्या एका चौकटीत पाणी शिरून बुरशी आली. सुतार म्हणतात, वर हातभर पत्र्याचं छज्जं काढायला हवं होतं, आणि त्यांचं बरोबर आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती ओळ काढून पुन्हा बसवायची आहे. फिका पडलेला नऊ तेव्हाच बदलू, या खेपेला खऱ्या लाल काचेचा.