निरोगी मूत्रपिंडाचे माप

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पूर्वेस, जालना रस्त्यालगत मुकुंदवाडी वसली आहे. एके काळी हे स्वतंत्र खेडे होते. सिडकोच्या वसाहती आणि चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत यांच्या वाढीबरोबर ते शहराचा एक गजबजलेला भाग बनले. अशा वस्तीतील एखाद्या कामगाराच्या पोटात दुखू लागले, की डॉक्टर त्यास सोनोग्राफी करून घेण्यास सांगतात. हाती येणाऱ्या अहवालात दोन्ही मूत्रपिंडांची लांबी सेंटिमीटरमध्ये नोंदलेली असते. ९ हा आकडा वाचून एखादा धास्तावतो, तर ११ वाचून दुसरा निश्चिंत होतो. वस्तुतः दोघांचाही समज चुकीचा ठरू शकतो. या आकड्याचा अर्थ कळण्यासाठी निरोगी माणसाच्या मूत्रपिंडाचे माप काय, ते कसे घेतात आणि त्यावरून किती सांगता येते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

मूक अवयव

मूत्रपिंडे पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या फासळ्यांच्या आड असतात. त्यांचा आकार घेवड्याच्या बीसारखा असतो आणि प्रौढ व्यक्तीत प्रत्येकाचे वजन साधारणतः १२० ते १७० ग्रॅम भरते. प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणारे सुमारे दहा लाख सूक्ष्म घटक असतात. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक भाग शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकले जाते. निसर्गाने या अवयवाला मोठी राखीव क्षमता दिली आहे. त्यामुळेच त्याचा बराचसा भाग निकामी झाला तरी माणसाला त्याची जाणीव होत नाही. वेदना होत नसल्याने आजार वर्षानुवर्षे लपून राहतो. मूत्रपिंड बाहेरून पाहण्याचे साधन म्हणून सोनोग्राफीचे महत्त्व येथेच आहे.

ध्वनीची मोजपट्टी

मनुष्याच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. पोटाच्या तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ध्वनीची कंपने सेकंदाला वीस ते पन्नास लाख असतात. शरीराच्या मऊ भागांतून हा ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. दोन निरनिराळ्या भागांच्या सीमेवर तो आदळला, की त्याचा प्रतिध्वनी परत येतो. १० सेंटिमीटर खोलीवरून तो परतण्यास सेकंदाचा सुमारे १३० दशलक्षांश भाग पुरतो. या वेळेवरून यंत्र अंतर काढते आणि पडद्यावर चित्र उमटवते. या तपासणीत क्ष-किरणांचा वापर होत नाही. ग्लासगो येथील डॉ. इयान डोनाल्ड यांनी धातूतील तडे शोधणारे यंत्र रुग्णांच्या तपासणीसाठी वापरून पाहिले. १९५८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि या विद्येचा वैद्यकात प्रसार झाला.

तपासणीच्या वेळी त्वचेवर जेल लावतात, कारण मध्ये हवा राहिल्यास ध्वनी आत शिरत नाही. उजवे मूत्रपिंड यकृताच्या आडून स्पष्ट दिसते. डाव्यासाठी बहुधा रुग्णास कुशीवर वळवावे लागते. दीर्घ श्वास घेतल्यावर मूत्रपिंड खाली सरकते आणि त्याची दोन्ही टोके दृष्टीस पडतात. या दोन टोकांमधील अंतर म्हणजे लांबी. काकडी उभी कापण्याऐवजी तिरपी कापली तर फोड आखूड निघते. त्याचप्रमाणे यंत्राचा कोन चुकला तर मूत्रपिंड आहे त्याहून लहान भासते. म्हणून कुशल तपासनीस माप पुन्हा पुन्हा घेऊन पडताळतो. लांबी, रुंदी व जाडी यांच्या गुणाकाराला ०.५२ ने गुणले असता अंदाजे घनफळ मिळते. लांबी १०, रुंदी ५ आणि जाडी ४ सेंटिमीटर असल्यास घनफळ १०४ घन सेंटिमीटर येते.

तुलना कोणाशी?

आजारी मूत्रपिंड लहान आहे असे म्हणावयाचे तर निरोगी मूत्रपिंड केवढे असते, हे आधी ठाऊक हवे. त्यासाठी मधुमेह, उच्च रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार नसलेल्या व्यक्ती निवडून त्यांची मोजमापे घेतात आणि वय, लिंग, उंची व वजन यांची नोंद ठेवतात. कोपनहेगन येथे ६६५ प्रौढ स्वयंसेवकांची अशी पाहणी झाली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार डाव्या मूत्रपिंडाची मध्यक लांबी ११.२ आणि उजव्याची १०.९ सेंटिमीटर होती. म्हणजे निम्म्या लोकांची लांबी याहून कमी व निम्म्यांची अधिक होती. सर्वसाधारणपणे प्रौढांत ९ ते १२ सेंटिमीटर लांबी आढळते. डावे मूत्रपिंड उजव्याहून किंचित लांब असते आणि पन्नाशीनंतर दोन्हींचा आकार हळूहळू घटतो.

मूत्रपिंडाची लांबी शरीराच्या उंचीशी निगडित असते. डेन्मार्कचे लोक सरासरीने भारतीयांपेक्षा उंच आहेत. तेथील माप मराठवाड्यातील ठेंगण्या बांध्याच्या शेतमजूर स्त्रीला जसेच्या तसे लावले, तर तिचे ९ सेंटिमीटरचे निरोगी मूत्रपिंडही रोगट ठरावयाचे. १९५६ साली स्थापन झालेल्या आणि ‘घाटी’ या नावाने परिचित असलेल्या येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दूरदूरच्या खेड्यांतून रुग्ण येतात. अशा ठिकाणी आपल्या लोकांची मोजमापे हा केवळ पुस्तकी विषय राहत नाही. निष्कारण भीती आणि निष्कारण खर्च त्यांमुळे टळू शकतो.

आकड्याची मर्यादा

दोन्ही मूत्रपिंडे बरीच लहान झाली असतील आणि त्यांचा बाहेरचा थर पातळ झाला असेल, तर आजार जुना असल्याचे ते लक्षण समजतात. एकच लहान असल्यास रक्तपुरवठ्यातील अडथळा, जुना जंतुसंसर्ग किंवा जन्मजात दोष यांचा विचार होतो. मूतखड्यामुळे मार्ग अडला तर मूत्रपिंड फुगते. मात्र मधुमेहाच्या आरंभी ते वाढलेले असू शकते आणि कार्य घटू लागल्यानंतरही त्याचा आकार सामान्य दिसू शकतो. तेव्हा ११ सेंटिमीटर हा आकडा आरोग्याचा दाखला नव्हे. रक्तातील क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब यांची जोड मिळाल्यावरच निदान पूर्ण होते.

येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांना पुष्कळ करता येण्याजोगे आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या ग्रामस्थांनी दरवर्षी रक्त व लघवी तपासून घ्यावी, डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेऊ नयेत आणि सोनोग्राफीचे जुने अहवाल जपून ठेवावेत, हे त्यांनी गावात पटवून द्यावे. इतरांच्या सरासरीपेक्षाही माणसाचे स्वतःचे जुने माप पुष्कळदा अधिक बोलके असते. पाच वर्षांपूर्वी साडेदहा सेंटिमीटर असलेले मूत्रपिंड आज नऊ भरले, तर तो फरक जुन्या कागदावाचून कोणाच्याही ध्यानात येणार नाही.