प्रश्नमंजूषेचा संघ आणि त्याचा मार्गदर्शक

विद्यार्थ्यांच्या ज्ञानाची कसोटी घेणाऱ्या स्पर्धा फार पूर्वीपासून होत आल्या आहेत. परंतु दोन संघांनी समोरासमोर बसावे आणि जो आधी कळ दाबील त्याने उत्तर द्यावे, हा प्रकार विसाव्या शतकातला होय. अमेरिकेत डॉन रीड यांच्या कल्पनेतून साकारलेला ‘कॉलेज बोल’ हा कार्यक्रम १९५३ साली नभोवाणीवरून सुरू झाला आणि १९५९ ते १९७० या काळात तो दूरचित्रवाणीवर लोकप्रिय झाला. १९६१ साली वॉशिंग्टन येथे ‘इट्स अ‍ॅकॅडेमिक’ हा माध्यमिक शाळांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे ही स्पर्धा दूरचित्रवाणीपुरती मर्यादित न राहता शाळांच्या वर्गखोल्यांत पोचली. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल अ‍ॅकॅडेमिक क्विझ टूर्नामेंट्स’ या संस्थेने १९९९ साली माध्यमिक शाळांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरविली. या खेळाला तेथे ‘क्विझ बोल’ असे म्हणतात.

आपल्या देशातही प्रश्नमंजूषेची परंपरा आहे. ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ १९७२ साली सुरू झाली आणि शाळाशाळांत तिचे नाव झाले. तथापि आपल्याकडील पुष्कळ शालेय स्पर्धांत प्रश्न पाळीपाळीने विचारला जातो आणि एका संघास उत्तर न आल्यास तो दुसऱ्याकडे जातो. अमेरिकन पद्धतीत पाळी नसते. त्यामुळे तेथील मार्गदर्शक शिक्षकाचे काम समजून घ्यावयाचे तर आधी प्रश्नाची घडण पाहिली पाहिजे.

प्रश्नाची घडण

एका वेळी प्रत्येक संघाचे चार खेळाडू बसतात. प्रथम सर्वांसाठी खुला असा प्रश्न वाचला जातो. हा प्रश्न एका वाक्याचा नसून लहानशा परिच्छेदाएवढा असतो. त्यातील खुणा कठिणाकडून सोप्याकडे उतरत येतात. समजा, उत्तर मारी क्यूरी हे आहे. अशा प्रश्नाच्या आरंभी १९१० साली आंद्रे देबिएर्न यांच्यासमवेत शुद्ध रेडियम धातू वेगळा केल्याचा उल्लेख येईल. नंतर पहिल्या महायुद्धातील क्ष-किरणांच्या फिरत्या गाड्या येतील. मग मायभूमीच्या नावावरून एका मूलद्रव्याला दिलेले नाव. आणि अगदी शेवटी, दोन भिन्न विज्ञानशाखांत नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पहिल्या व्यक्तीचे नाव सांगा, असे विचारले जाईल. ज्याचे वाचन खोल त्याला पहिल्या वाक्यातच उत्तर सुचते. ज्याची माहिती वरवरची त्याला अखेरपर्यंत थांबावे लागते. ही रचना नीट साधली म्हणजे केवळ हाताच्या चपळाईला फारसे महत्त्व उरत नाही.

प्रश्न चालू असताना कोणीही मध्येच कळ दाबू शकतो. उपर्युक्त संस्थेच्या नियमांनुसार आरंभीच्या भागात दिलेल्या योग्य उत्तरास १५ गुण, नंतरच्या योग्य उत्तरास १० गुण, आणि प्रश्न तोडून चुकीचे उत्तर दिल्यास ५ गुण वजा, असा हिशेब असतो. खुल्या प्रश्नाच्या वेळी सोबत्यांशी विचारविनिमय करता येत नाही. उत्तर बरोबर आल्यास त्या संघाला तीन भागांचा, ३० गुणांचा बोनस प्रश्न मिळतो. त्या वेळी मात्र चौघांनी मिळून विचार करावयाचा असतो.

चुकीचा हिशेब

वाचकांच्या लक्षात येईल की, चुकीच्या उत्तराची खरी किंमत ५ गुणांची नसते. चुकलेल्या संघाला त्या प्रश्नावर पुन्हा उत्तर देता येत नाही, आणि प्रतिस्पर्धी संघ निवांतपणे प्रश्न अखेरपर्यंत ऐकू शकतो. त्याला किमान १० गुण आणि वर बोनस प्रश्न मिळण्याचा संभव असतो; म्हणजे एका घाईपायी ४५ गुणांपर्यंत फरक पडू शकतो. परंतु याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. पूर्ण खात्री होईपर्यंत थांबणाऱ्या खेळाडूच्या आधी तुल्यबळ प्रतिस्पर्धी कळ दाबतो. तेव्हा जिंकू इच्छिणाऱ्या संघाला अर्धवट खात्रीच्या क्षणी धोका पत्करावाच लागतो, आणि जो धोका पत्करतो तो अधूनमधून चुकतोच.

मार्गदर्शकाच्या कामाचे मर्म येथे आहे. स्पर्धेच्या दिवशी तो मुलांच्या ज्ञानात भर घालू शकत नाही. ते काम मागील अनेक महिन्यांत झालेले असते. साहित्य, इतिहास, विज्ञान, भूगोल, ललितकला, पुराणकथा, तत्त्वज्ञान अशी विषयांची वाटणी करून प्रत्येकाने आपापले क्षेत्र खोलवर वाचावे, ही व्यवस्था त्याने आधीच लावलेली असते. सामना चालू असताना त्याने खेळाडूंना काही सुचविणे नियमबाह्य आहे. त्याच्या हाती उरते ते एवढेच की, चूक झाल्यानंतरही त्या मुलाचा हात कळीवर राहील असे पाहणे.

मौन आणि टिपणवही

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने सर्वांसमक्ष चुकीचे उत्तर दिले की तो प्रथम आपल्या शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहतो. तेथे त्याला नापसंती दिसली तर तो पुढच्या प्रश्नाला कचरतो, आणि एका चुकीचे नुकसान पाच प्रश्नांवर पसरते. म्हणून अनुभवी मार्गदर्शक मागे शांत बसतो आणि वहीत टिपणे करीत राहतो. कोणता प्रश्न कोठे तुटला, कोणी तोडला, कोणते उत्तर हुकले आणि कोणत्या विषयात सगळा संघ गप्प राहिला, याची ही नोंद असते.

या नोंदीत दोन प्रकारच्या चुका निराळ्या काढल्या पाहिजेत. मिळालेल्या खुणांवरून दोनच उत्तरे संभवत होती आणि त्यांतील एक निवडले, ही चूक निषेधार्ह नव्हे. किंबहुना तसे धाडस पुन्हा करावे असेच मुलाला सांगितले पाहिजे. याउलट, प्रश्नात ‘ही कादंबरी’ असे शब्द असताना लेखकाचे नाव सांगणे ही न ऐकण्याची चूक होय. ती सुधारण्यासाठी पुस्तके नकोत, सावधपणा हवा. दोहोंना एकच बोल लावणारा शिक्षक मुलांना विचार करण्याऐवजी भिण्यास शिकवितो.

दोन सामन्यांच्या मध्ये वेळ थोडा असतो. त्या अवधीत हरलेल्या सामन्याची चिकित्सा करण्यात अर्थ नसतो. ती परतल्यावर करावयाची. पुढील सामन्यासाठी एखादीच सूचना द्यावी. उदाहरणार्थ, बोनस प्रश्नाच्या वेळी ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याने ते लगेच आणि स्पष्टपणे कर्णधाराला सांगावे. प्रत्येक भागास सुमारे ५ सेकंदच मिळत असल्याने कुजबुजत बसण्यात पुष्कळ गुण वाया जातात. याखेरीज पाणी, खाणे, थोडे मोकळ्या हवेत फिरणे यांकडेही लक्ष द्यावे लागते. राष्ट्रीय स्पर्धेत प्राथमिक टप्प्यातच १० सामने खेळावे लागतात. थकलेल्या मुलाला ठाऊक असलेले उत्तरही वेळेवर आठवत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न राखीव खेळाडूंचा असतो. नियमाने मध्यंतरात बदल करता येतो. परंतु चूक केल्याबरोबर एखाद्याला उठविले, तर बसलेले तिघेही त्यातून धडा घेतात, आणि तो धडा घातक असतो. बदल करावयाचा तो विषयांच्या गरजेनुसार किंवा आधी ठरलेल्या पाळीनुसार करावा, आणि कोण केव्हा बसणार हे सकाळीच सर्वांना सांगून टाकावे.

स्पर्धेत उतरणाऱ्या बहुसंख्य संघांना अखेर पराभव पत्करूनच परतावे लागते. मार्गदर्शकाच्या कामाची परीक्षा म्हणूनच केवळ विजयपदकावरून करता येत नाही. शेवटच्या सामन्यात, पिछाडीवर असतानाही, त्याचा संघ प्रश्न अर्धा झाला असता विचारपूर्वक कळ दाबीत होता की नाही, हे पाहावे. आणि परतीच्या प्रवासात मुले हुकलेल्या उत्तरांविषयी आपण होऊन बोलू लागली, ते पुस्तक कोठे मिळेल असे विचारू लागली, तर दिवस सत्कारणी लागला असे समजण्यास हरकत नाही.