मोरी ते मोरबी

घराचा प्लॅन पास होतो, लोन सँक्शन होतं, स्लॅबही पडतो. खरी भांडणं त्यानंतर सुरू होतात. हॉलचा रंग, किचनचा ओटा आणि... बाथरूमच्या टाइल्स! हसू नका राव. ऑफिसात तीस जणांची टीम सांभाळणारे भलेभले शोरूममधल्या शेकडो नमुन्यांसमोर क्लीन बोल्ड होतात.

सध्या आमचं घर उभं राहतंय वराळ्याला. तळेगाव दाभाडेच्या शेजारचं, मावळातलं गाव. राहणार आम्ही सहा जण: आजी, आई-बाबा, आम्ही दोघं आणि चिरंजीव. वय वर्षं ४ ते ८२. खालच्या मजल्यावर बाथरूम एकच. त्यामुळे प्रत्येकाला मत आहे आणि मताला धार आहे! बायकोला हवी चकचकीत चॉकलेटी टाइल आणि मधोमध फुलांचं हायलायटर. बाबांचा हट्ट कोट्याचा. आजी शांतपणे म्हणाली, ''भिंतीला काय आरसे लावायचे ते लावा. पायाखाली मला खरखरीत द्या.''

आजीचं म्हणणं सिरियसली घ्यायला हवं. जगभरात अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये पडणं हे दुसऱ्या क्रमांकाचं कारण आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात साठीपुढच्यांना धोका सर्वाधिक. खुब्याचं हाड मोडलं, की हिंडतं-फिरतं माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतं.

पाय घट्ट, तर घर घट्ट

आपल्या आज्यांची पिढी शहाबादी फरशीच्या मोरीत वाढली. कर्नाटकातल्या शहाबादहून आलेला तो दगड दिसायला साधा, पण पायाला पकड देणारा. आता मोरीचं बाथरूम झालं, पण आंघोळीची पद्धत तीच. बादली, तांब्या आणि सगळीभर पाणी. परदेशी मासिकांतली कोरडी, गालिचावाली बाथरूम्स आपल्या काय कामाची? आपल्याकडे तर दिवाळीच्या पहाटे तेल, उटणं आणि साबण एकदमच फरशीवर उतरतात!

शोरूममध्ये 'अँटी-स्किड' हा शब्द सर्रास ऐकू येतो. त्यावर भागवू नका, रेटिंग विचारा. जर्मन पद्धतीत उतरत्या फळीवर माणूस चालवून घसरडेपणा मोजतात. 'आर ९' ते 'आर १३' हे आकडे बूट घालून, तेलकट फळीवर केलेल्या चाचणीचे. अनवाणी पाय आणि साबणाचं पाणी यासाठी वेगळी 'ए, बी, सी' श्रेणी असते. त्यात 'सी' सर्वांत पकडीची. बाथरूमसाठी 'बी' मिळाली तर उत्तम. कागद नसेल, तर देशी उपाय: नमुन्यावर साबणाचं पाणी ओता आणि ओला तळवा दाबून सरकवून बघा. सेल्समन हसेल. हसू दे.

पाणी पिणारी टाइल

देशातल्या सर्वाधिक टाइल्स येतात गुजरातमधल्या मोरबीहून. नाव कुठलंही असो, पाठीमागे मोरबी असण्याची शक्यता दाट. तेव्हा ब्रँडच्या आधी जात ओळखा. भिंतीची सिरॅमिक टाइल साधारण १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषते. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून जास्त शोषत नाही. पहिली हलकी आणि कापायला सोपी, म्हणून भिंतीला. जमिनीवर मात्र ती नको. उलट व्हिट्रिफाइडला नुसत्या सिमेंटची पकड नीट बसत नाही, तिला टाइल अॅधेसिव्ह लागतं. तो खर्च कोटेशनमध्ये आधीच धरा.

मावळात पावसाळ्याचे चार महिने टॉवेल वाळत नाही, तिथे टाइलचे सांधे काय वाळणार? टाइल चकाचक राहते, काळे पडतात ते सांधे. त्यात साधं सिमेंट न भरता इपॉक्सी ग्राउट भरलं, तर पाणी मुरत नाही. महाग आहे, पण दर रविवारी ब्रश घेऊन बसण्यापेक्षा परवडतं. जोडीला मोठी खिडकी किंवा एक्झॉस्ट हवाच. बोअरचं जड पाणी असेल, तर गडद चकचकीत टाइलवर पांढरे डाग उठून दिसतात. हे कळल्यावर आमच्याकडे चॉकलेटी रंगाची मोहीम आपोआप थंडावली!

गणित सोपं आहे

आमचं बाथरूम ५ बाय ८ फुटांचं. चार भिंतींची लांबी २६ फूट, टाइल लावायची ७ फुटांपर्यंत. म्हणजे १८२ चौरस फूट. दार वजा केलं, की उरले साधारण १६५. १२ बाय १८ इंची टाइल दीड चौरस फुटाची, म्हणजे ११० टाइल्स. तुटफुटीचे १० टक्के धरून १२१. जमिनीला एक फुटी ४० आणि वर ४.

जमिनीला दोन फुटी मोठी टाइल झकास दिसते, पण नहाणी ट्रॅपकडे चारी बाजूंनी उतार काढताना मिस्त्रीची दमछाक होते. लहान टाइलला उतार सहज मिळतो आणि सांधे जास्त असल्याने पकडही वाढते. उतार ८० ला १ धरला, तर ८ फुटांना सव्वा इंच.

शेवटी तह असा झाला: जमिनीला एक फुटी मॅट व्हिट्रिफाइड, करड्या रंगाची. भिंतीला फिकट ग्लॉसी, त्यात बायकोच्या फुलांची एकच पट्टी. बाबांचा कोटा गेला अंगणात. नमुन्यावर साबणाचं पाणी ओतून आजीने पाय ठेवला आणि मान डोलावली. फायनल अॅप्रूव्हल तिचंच!

खरेदीला जाताय?

* टाइल लावण्याआधी वॉटरप्रूफिंग करून घ्या. मग जमिनीवर २४ ते ४८ तास पाणी साठवून गळती तपासा.
* सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, ते बघा.
* नमुना शोरूमच्या दिव्यात पाहू नका, बाहेर उजेडात न्या.
* टाइल बसल्यावर नाण्याने वाजवा. पोकळ आवाज आला, तर मिस्त्री निघायच्या आत बदलून घ्या.
* उरलेल्या टाइल्स माळ्यावर जपून ठेवा. पाच वर्षांनी नळाची पाइप फुटली, की तीच शेड बाजारात मिळत नाही.
* कमोडजवळ आणि नळाजवळ आधाराचा दांडा आताच बसवा. आज आजीला लागेल, पुढे आपल्यालाही लागणारच आहे!