जपानी फराळाची जन्मकथा

जत्रेहून परत आलेल्या मुलास "काय पाहिलेंस?" असें विचारलें, तर तो पाळण्याच्याही आधीं खाऊचें नांव घेतो. गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें अमेरिकेंत राहणाऱ्या आपल्या मामांकडून आलेलीं कांहीं छायाचित्रें वर्गांत दाखविलीं. तीं अशाच एका जत्रेचीं होतीं. त्यांपैकीं एकांत भाताची गुंडाळी करून तिच्या पोटांत स्ट्रॉबेरी, अननस व खरबूज हीं फळें घातलेलीं दिसत होतीं, आणि खालीं "जपानी दुकान" असें लिहिलें होतें. "भातांत फळें! हें कसलें जपानी खाणें?" असें कोणीसें म्हणालें, आणि सगळा वर्ग खोखो हंसला. चित्रें आणणारा मुलगा मात्र ओशाळून खालीं बसला. त्या हंसण्याला उत्तर देणें त्या दिवशीं मला साधलें नाहीं. तें येथें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम ती जत्रा कोणती तें सांगितलें पाहिजे. अमेरिकेच्या फ्लॉरिडा संस्थानांत वॉल्ट डिस्ने वर्ल्ड नांवाची मोठी मनोरंजन-नगरी आहे. तींत १ ऑक्टोबर १९८२ रोजीं 'एपकॉट' नांवाचें उद्यान उघडलें. त्याच्या सरोवराभोंवतीं आज अकरा राष्ट्रांचीं दालनें आहेत व त्यांत जपानचेंही आहे. इत्सुकुशिमा येथें समुद्रांत उभें असलेलें प्रसिद्ध तांबडें तोरण आणि होर्युजी मठांतील पांच मजली मनोरा यांच्या नमुन्यावर तेथील तोरण व मनोरा बांधलेले आहेत. १६७३ सालीं स्थापन झालेल्या मित्सुकोशी या जपानी पेढीचें दुकानही तेथें आहे. या उद्यानांत १९९४ पासून फुलांचा, १९९६ पासून खाद्यपेयांचा व २०१७ पासून कलांचा असे उत्सव भरत आले आहेत. त्या दिवसांत वाटेच्या कडेला लहान लहान दुकानें मांडतात. फुलांच्या उत्सवांतील जपानी दुकानाचें नांव 'हानामी', म्हणजे चेरीचा बहर पाहण्याचा सोहळा. कलोत्सवांतील दुकानाचें 'गोशिकी', म्हणजे पंचरंग. पांढरा, काळा, तांबडा, पिवळा व हिरवा हे पांच रंग ताटांत असावेत, असा जपानी पाकशास्त्राचा संकेत आहे.

आमचा वर्ग ज्यास हंसला तो पदार्थ हानामीच्या दुकानांतला. 'सुशी' या जपानी पदार्थाच्या नांवांत फळाचें इंग्रजी नांव मिसळून त्यास 'फ्रूशी' म्हटलें आहे. तेव्हां सुशी म्हणजे काय तें पाहूं. सुशीचा जन्म चैनीसाठीं झाला नाहीं, तर मासे टिकविण्याच्या गरजेंतून झाला. खारविलेले मासे शिजविलेल्या भातांत महिनोगणती दाबून ठेवीत. भात आंबे, त्याच्या आंबटपणानें मासा टिके, आणि शेवटीं मासा खाऊन भात टाकून देत. ही युक्ति आग्नेय आशियांतील भातशेती करणाऱ्या लोकांकडून पसरली, असें बहुतेक अभ्यासकांचें मत आहे. जपानांतील बिवा सरोवराच्या कांठीं अशी सुशी आजही करतात. पुढें भातांतच शिरका घालून आंबट चव तात्काळ आणण्याची रीत निघाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं एदो, म्हणजे आजचें टोकियो, येथील रस्त्यावरच्या दुकानांतून भाताच्या मुटक्यावर माशाचा तुकडा ठेवून घाईच्या गिऱ्हाइकास देऊं लागले. विसाव्या शतकांत ती अमेरिकेस गेली. तेथें तिच्यांत आव्होकाडो हें फळ शिरलें, आणि समुद्रशेवाळाचा काळा पापुद्रा पाहून लोक बिचकतात म्हणून तो आंत व भात बाहेर, अशी उलटी गुंडाळी झाली. फ्रूशी ही त्याच वाटेवरची पुढची पायरी होय. शिवाय तिचा भात नारळाचा असतो! नारळी पौर्णिमेस गूळ-खोबऱ्याचा नारळीभात आणि लग्नांत अननस घातलेला साखरभात आवडीनें खाणाऱ्या आपण भातांतील फळाला हंसावें, हें नवलच नव्हे काय?

"पण मग अस्सल जपानी तें कोणतें?" असें कोणी विचारील. जपानी म्हटलें कीं 'तेंपुरा' हें नांव हटकून निघतें: भाज्या व मासे पिठाच्या पातळ भिजवणांत बुडवून तळावयाचे. पोर्तुगीज लोक १५४३ सालीं जपानांत प्रथम उतरले. त्यांच्या मागोमाग, गोव्याहून निघालेले फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या ऑगस्टांत कागोशिमा बंदरास लागले. उपवासाच्या दिवसांत हे लोक मांस वर्ज्य करून मासे व भाज्या तळून खात. अशा दिवसांस लॅटिन भाषेंत जो शब्द आहे त्यावरूनच तेंपुरा हें नांव आलें, असें सामान्यतः मानतात. पावरोटीस जपानी लोक 'पान' म्हणतात. आपला 'पाव' आणि त्यांचा 'पान' हे दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दाचीं लेकरें होत. एकाच जहाजी मार्गानें आलेला हा पाहुणा गोव्यांत एका नांवानें उतरला व जपानांत दुसऱ्या.

दुसरें उदाहरण आपल्या अधिक जवळचें आहे. एपकॉटच्या जपानी उपाहारगृहांत भातावर दाट तपकिरी रस्सा वाढतात. त्याचें नांव 'कारे'. हा शब्द करी या शब्दाचेंच जपानी रूप. हिंदुस्थानांतील मसाले इंग्रजांनीं स्वदेशीं नेले, त्यांची तयार पूड केली, व रस्सा गव्हाच्या पिठानें दाट केला. हा इंग्रजी अवतार मेइजी राजवटींत जपानांत पोंचला. १८७२ सालच्या जपानी पाकपुस्तकांत त्याची कृति छापलेली आढळते. पुढें आरमारानें तो खलाशांच्या जेवणांत भाताबरोबर दिला आणि घरोघरीं तो रूढ झाला. याच कथेंत एक हिंदी देशभक्तही येतो. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ सालीं जपानांत गेले असतां, टोकियोंतील नाकामुराया या दुकानाच्या मालकांनीं त्यांस आश्रय दिला. १९१८ सालीं त्या घरच्या कन्येशीं त्यांचा विवाह झाला, आणि १९२७ सालीं त्या दुकानानें पिठाच्या करीहून निराळी, हिंदुस्थानी पद्धतीची करी विकावयास काढली. अशा रीतीनें एकच पदार्थ एकाच देशांत दोन वाटांनीं पोंचला: एकदां लंडनवरून, एकदां थेट हिंदुस्थानांतून.

आतां पेयांकडे वळूं. वडील माणसांसाठीं तेथें तांदळाचें मद्यही मिळतें; त्याचें वर्णन या अंकांत अप्रस्तुत होय. हिरव्या चहाचें बीं ऐसाई नांवाच्या बौद्ध भिक्षूनें ११९१ सालीं चीनमधून आणिलें असें सांगतात. तोडणीपूर्वीं कांहीं आठवडे झाडांवर सावली करावयाची, पानें वाफवून वाळवावयाचीं व दगडी जात्यावर दळावयाचीं, ही त्याच्या पुडीची रीत आहे. परंतु मुलांचें लक्ष वेधून घेतें तें 'रामुने'. लेमोनेड या इंग्रजी नांवाचा हा जपानी उच्चार. त्याची बाटली आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली आहे, कारण ती आपल्या गोटीसोड्याचीच बाटली होय! हायरम कॉड या इंग्रजानें १८७२ सालीं तिचें पेटंट घेतलें. बाटली भरून उलटी केली म्हणजे कांचेची गोटी तोंडाशीं येते, आणि आंतील वायूचा दाब तिला रबराच्या कड्यावर घट्ट दाबून धरतो. बूच नको, तार नको. जो वायू निसटूं पाहतो तोच दार लावून घेतो. गोटी आंत ढकलली कीं फस्‌ असा आवाज होतो. मानेला मुद्दाम केलेल्या खांचेंत गोटी अडकते, म्हणून ओततांना ती पुनः तोंडाशीं येत नाहीं. पत्र्याचीं बुचें आल्यावर इंग्लंडांत ही बाटली मागें पडली. जपानांत व हिंदुस्थानांत मात्र ती जगली.

शेवटीं 'काकिगोरी'. बर्फ किसून त्यावर रंगीत गोड पाक ओततात. एपकॉटमध्यें उन्हानें तापलेले लोक त्यासाठीं रांग लावतात. हा तर आपला बर्फाचा गोळा! कोणीही म्हणेल, हें अलीकडचें यंत्रयुगाचें खाणें. पण इसवी सन १००० च्या सुमारास जपानी राजदरबारांतील सेई शोनागोन या लेखिकेनें, नव्या धातूच्या वाडग्यांत किसलेल्या बर्फावर वेलीच्या रसाचा गोड पाक घातलेला, असें त्याचें वर्णन करून ठेविलें आहे. हिवाळ्यांतील बर्फ जमिनीखालच्या कोठारांत उन्हाळ्यापर्यंत राखीत. त्यामुळें तो केवळ श्रीमंतांनाच मिळे. म्हणजे आपणांस जो पदार्थ सर्वांत ओळखीचा वाटतो, तोच जपानांत हजार वर्षें मुरलेला निघाला. आणि ज्यांस आपण ठार जपानी समजत होतों, ते निघाले देशोदेशींचे पाहुणे.

तर मग जत्रेंतील तो फराळ खरा कीं नकली? माझें उत्तर असें: उसनें घेतल्यानें पदार्थ नकली होत नाहीं, घेतलेलें नाकारल्यानें मात्र माणूस कृतघ्न होतो. जपानी लोकांनीं परक्याचें घेतलें, त्यावर पिढ्यान्‌ पिढ्या कष्ट केले, आणि तेंपुरा, पान, कारे, रामुने या नांवांतच तें ऋण नोंदून ठेविलें. आपणही बटाटा व मिरची परदेशांतून घेतली, पाव पोर्तुगीजांकडून घेतला, आणि आज वडापाव हें आपलें भूषण मानतों. उद्यां कोणी परदेशस्थ तुमच्या हातांतील वडापाव पाहून हंसला, तर तुम्हांस कसें वाटेल?

विद्यार्थिमित्रांनो, मधल्या सुट्टींत शेजाऱ्याच्या डब्यांत अनोळखी पदार्थ दिसला, तर हंसण्यापूर्वीं त्याचें नांव विचारा, आणि तो देईल तर घांसभर चाखून पहा. कदाचित्‌ तो तुमच्या घरच्याच एखाद्या पदार्थाचा, दूरदेशीं वाढलेला भाऊ असेल.