अंड्याची कॉफी आणि कोलेस्टेरॉल

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढल्यामुळे मी त्यांचे तळण आणि लोणी कमी केले आहे. खिशातून चिठ्ठी काढून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मुलाकडे अमेरिकेत मिनेसोटाला गेलो होतो. तिथे अंडे घालून केलेली कॉफी प्यालो. फार आवडली. पण अंडे म्हणजे कोलेस्टेरॉल! घरी केली तर चालेल का?" हा प्रकार मला नवा होता. चिठ्ठी ठेवून घेतली आणि रविवारी प्रयोग केला.

एकोणिसाव्या शतकात स्वीडन-नॉर्वेहून पुष्कळ शेतकरी कुटुंबे मिनेसोटाच्या बाजूला जाऊन वसली. त्यांच्या लुथरन चर्चच्या तळघरातील जेवणावळींत ही कॉफी मोठाल्या भांड्यांतून होत असे. तिथल्या राज्य जत्रेत सेलम लुथरन चर्चच्या भोजनगृहात ती 'स्वीडिश एग कॉफी' या नावाने विकली जाते. गंमत म्हणजे खुद्द स्वीडनमध्ये ती फारशी कुणी करीत नाही.

कृती सोपी आहे. चिकोरी नसलेली जाडसर कॉफीपूड पाऊण कप घ्यावी. त्यात एक अंडे, धुतलेल्या टरफलासकट चुरडून, थोडे पाणी घालून कालवावे. हा काळा लगदा पाहून घरच्यांनी नाके मुरडली! दोन लिटर उकळत्या पाण्यात तो सोडून तीन मिनिटे उकळावा. भांडे मोठे घ्यावे; माझे उतू गेले आणि शेगडी धुवावी लागली. मग खाली उतरवून कपभर गार पाणी ओतावे. दहा मिनिटांत चोथा तळाशी बसतो. वरची कॉफी मधासारखी स्वच्छ, कडवटपणा अगदी कमी.

याचे कारण अंड्यातील प्रथिने. उष्णतेने ती गोठतात, बारीक चुरा धरून ठेवतात आणि तुरट-कडू द्रव्यांनाही चिकटतात. टरफलातील कॅल्शियम कार्बोनेट आंबटपणा थोडा मारते. कॅफीन मात्र तसेच राहते. चव सौम्य म्हणून संध्याकाळी तीन कप घेतलेत तर झोप उडणारच.

आता गुरुजींचा प्रश्न. दहा कपांत अंडे एक, तेही गोठून बहुतेक चोथ्यातच राहते. काळजी अंड्याची नाहीच, उकळलेल्या कॉफीची आहे. नॉर्वेच्या उत्तरेकडील ट्रॉम्सो गावी झालेल्या पाहणीत जास्त कॉफी पिणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल जास्त आढळले. हे १९८३ साली प्रसिद्ध झाले. तिकडे तेव्हा कॉफी उकळून, न गाळता पिण्याची रीत होती. पुढे कारण सापडले: कॉफीच्या बियांतील तेलात 'कॅफेस्टॉल' नावाचे द्रव्य असते. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. त्या कामात ते अडथळा आणते. मग कोलेस्टेरॉल रक्तात साठते.

हे तेल कागदी गाळणी अडवून धरते. धातूच्या जाळीतून ते बरेचसे निसटते. अंड्याने कॉफी नितळ दिसते, पण दिसण्यावर जाऊ नये. कागदाचे काम अंड्यावर सोपवणे मला पटत नाही. (आपण दुधात ढवळतो त्या इन्स्टंट कॉफीत हे तेल नाममात्र असते. तिथे साखर पाहावी.)

गुरुजींना मी सांगितले की, कॉफी जरूर करा, पण निवळल्यावर कागदी गाळणीतून गाळा, दिवसाला दोन कपांवर जाऊ नका आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालूच ठेवा. अंडे न खाणाऱ्या पाहुण्याला आधी सांगा, अंड्याची ॲलर्जी असणाऱ्याला ती देऊच नका. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचे ठरले आहे. गाळण्या त्यांनी मुलाकडून मागवल्या आहेत.