अंगठा वर केला की वर यायचं!

खर्डीचा मुलगा तारकर्लीला जाऊन स्कूबा शिकला. मासे पाहिले, प्रवाळ पाहिलं. पण सोबत घेऊन आला ती एक साधी खूण.

एक प्रश्न विचारू?

पावसाळा आहे. मित्रांसोबत धबधब्यावर गेलायत. सगळे एकेक करून डोहात उड्या मारतायत. आता तुमचा नंबर. आतून वाटतंय, नको. अशा वेळी ‘मी नाही मारत’ हे तीन शब्द तोंडातून निघतात का? आणि निघालेच, तर पुढची दहा मिनिटं काय काय ऐकून घ्यावं लागतं?

मला तर ते कधी म्हणताच आलं नव्हतं.

मी खर्डीचा. कसारा लोकलने आलात तर कसाऱ्याच्या थोडं अलीकडे आमचं स्टेशन. तालुका शहापूर. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यातलं बरंचसं आमच्या भागातून जातं. तानसा धरण तर १८९२ पासूनचं. भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, सगळी इकडेच आसपास. आणि तरी एप्रिल-मे उजाडला की आमच्याकडच्या पाड्यांवर टँकरच्या वाटेवर हंड्यांची रांग लागते. म्हणजे आमची पाण्याशी ओळख दोनच प्रकारची. उन्हाळ्यात शोधावं लागतं ते पाणी, आणि पावसाळ्यात ज्याच्याजवळ जाऊ नको म्हणून आई ओरडते ते पाणी.

आई उगाच ओरडत नव्हती. अकरावीत असताना आमच्या वर्गातला एक मुलगा डोहात उतरला, तो परत आलाच नाही. त्याला पोहता येत नव्हतं. आमच्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं, कारण त्याने सांगितलं नव्हतं. काठावरून सगळे ‘मार रे, मार’ असं ओरडत होते. त्या ओरडणाऱ्यांत मीही होतो.

त्यानंतर दोन वर्षं मी गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात गेलो नाही. शेवटी मामाने ओढून विहिरीवर नेलं. “काठावर बसून भीती जात नाय. चल,” एवढंच म्हणाला. पाठीला रिकामा कॅन बांधून, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बारक्या पोरांच्या हसण्याकडे दुर्लक्ष करत मी पोहायला शिकलो.

मग एक दिवस मालवणच्या समुद्राखालची रील समोर आली आणि डोक्यात किडा वळवळला.

दोन प्रकारचं स्कूबा

इथे एक गोष्ट आधीच सांगतो, कारण मलाही माहीत नव्हती. मालवण-तारकर्लीला पर्यटक करतात ते स्कूबा वेगळं. त्यात प्रशिक्षक तुमची टाकी धरून असतो, तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि फोटोसाठी हात हलवायचा. पोहता येत नसलं तरी चालतं. ‘ओपन वॉटर’ कोर्स वेगळा. त्यात आधी पुस्तक, मग तलावात सराव आणि मग समुद्रात चार डाइव्ह. सगळं नीट जमलं तर १८ मीटर खोलीपर्यंत जोडीदारासोबत जायचा परवाना मिळतो. तिथे तुमची जबाबदारी तुमच्यावरच, आणि थोडी जोडीदाराचीही.

मला दुसरंच करायचं होतं. पडघ्याच्या गोदामात दोन सुट्ट्या काम करून पैसे साठवले. घरी सांगितलं, तेव्हा आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डबा भरताना म्हणाली, “पाण्याशी मस्ती नाय करायची.” डिसेंबरात ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या पकडली आणि सकाळी कुडाळला उतरलो.

श्वास धरायचा नाही

पहिल्या दिवशी परीक्षा. २०० मीटर पोहायचं, वेळेची अट नाही. मग दहा मिनिटं कशाचाही आधार न घेता पाण्यावर तरंगून राहायचं. विहिरीतले दिवस कामी आले.

मग तलावात. तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा आपल्याला हवी तेवढी देणारी नळी. डोकं पाण्याखाली घातलं आणि पहिला श्वास घेतला, तेव्हा सगळं शरीर ‘वर चल’ म्हणून ओरडत होतं. आयुष्यभर शिकलोय की पाण्याखाली श्वास रोखायचा. इथे पहिला नियम नेमका उलटा. श्वास कधीही रोखायचा नाही.

का? अकरावीत घोकलेला बॉइलचा नियम आठवतो? दाब वाढला की वायूचं आकारमान तेवढ्याच पटीत घटतं. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट. तिथे छाती भरून हवा घेतली आणि श्वास रोखून वर आलात, तर तीच हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. फुफ्फुसांत तेवढी जागा नसते. परीक्षेत दोन मार्कांना आलेला हा नियम इथे जिवाशी येतो.

बाकी सरावही भन्नाट. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरायचं आणि नाकातून हवा सोडून ते बाहेर काढायचं. तोंडातला रेग्युलेटर सोडायचा, हात मागून फिरवून परत शोधायचा. तोवर बारीक बुडबुडे सोडत राहायचं. मास्कचा सराव मला पाचव्यांदा जमला.

आणि मग खुणा. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला की ‘मी ठीक आहे’. पंजा आडवा हलवला की ‘काहीतरी बिघडलंय’. आणि अंगठा वर? आपण दिवसातून पन्नास वेळा मेसेजवर टाकतो तो अंगठा? त्याचा अर्थ ‘वर चला’.

प्रशिक्षकांनी हे सांगताना पहिल्यांदाच आवाज चढवला. अंगठा कुणीही दाखवू शकतो, कधीही, कुठल्याही कारणासाठी. समोरच्याने कारण विचारायचं नाही. उलट अंगठा दाखवायचा आणि सोबत वर यायचं.

चार मीटरवर

तिसऱ्या दिवशी समुद्र. समोर सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी केली, तो. पुस्तकातला किल्ला असा बोटीतून, पाठीवर टाकी घेऊन बघायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. बोटीच्या काठावर बसलो, मास्क हाताने दाबला आणि पाठीमागे कोसळलो. नाकातोंडात खारं पाणी, मग दोरी धरून हळूहळू खाली.

साधारण तीन मीटरवर कानात कळ आली. नाक दाबून हलकेच हवा फुंकली की कानातला दाब जुळतो, हे शिकवलं होतं. फुंकली. उजवा कान सुटला, डावा नाही. माझी जोडीदार, पुण्याची एक मुलगी, माझ्या खाली पोचली होती. तिने विचारलं, ठीक आहेस? आणि मी काय केलं असेल?

बोटांचा गोल करून दाखवला. ठीक आहे.

साफ खोटं. कान फाटत होता आणि मी ठीक आहे म्हणत होतो. का, तर सगळे खाली चाललेत, माझ्यामुळे थांबायला नको. अजून एक मीटर गेलो. कळ थेट जबड्यापर्यंत. आणि तिथे, त्या हिरवट पाण्यात, मला आमचा डोह आठवला. काठावरचं ते ‘मार रे, मार’. इथे तर कुणी ओरडतही नव्हतं. मी स्वतःच स्वतःला ओरडत होतो.

पंजा हलवला. कानाकडे बोट दाखवलं. प्रशिक्षक लगेच जवळ आले, मला मीटरभर वर नेलं, पुन्हा प्रयत्न करायला लावला. कान हट्टाला पेटलेला. मग मी अंगठा वर केला.

त्यांनीही अंगठा वर केला. जोडीदारानेही. तिघेही सावकाश वर आलो.

बोटीत बसल्यावर मी ‘सॉरी’ म्हणायला लागलो, तर प्रशिक्षक फिन काढत म्हणाले, “समुद्र खंय पळान जाणा नाय.” आणि जोडीदार मुलगी हळूच म्हणाली, “बरं झालं तू वर आलास. माझ्या मास्कमध्ये सारखं पाणी येत होतं. मी सांगतच नव्हते.”

आणि मग खाली

दुसऱ्या दिवशी घाई केली नाही. दुखायच्या आधीच, दर अर्ध्या मीटरला कान मोकळा करत गेलो. हेही गणितच आहे. दाब दुप्पट होतो तो पहिल्याच दहा मीटरांत, म्हणून कान कुरकुरतात ते उथळ पाण्यातच. पाच मीटर. सात. नऊ.

रीलमधला निळाशार समुद्र इथे नव्हता. पाणी हिरवं, धुक्यासारखं, दोन-चार हातांपलीकडे अंधुक. पण त्या धुक्यातून एक खडक पुढे आला आणि त्यावर प्रवाळ. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या मास्कसमोरून असे गेले, जसा मी तिथे नाहीच. एका कपारीत गोबरा बसला होता. तो मात्र माझ्याकडे रोखून बघत राहिला, परगावचा पाहुणा आल्यासारखा. आवाज फक्त माझ्या श्वासाचा. आत, बाहेर. आत, बाहेर.

मी कशालाही हात लावला नाही. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे बोटीवर बजावलं होतं. प्रवाळ म्हणजे जिवंत प्राण्यांची वसाहत. त्यावर एक लाथ बसली तर कित्येक वर्षांची वाढ तुटते.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. खोलीवर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. त्या तीन मिनिटांत वर बघितलं तर बोटीचा तळ आणि त्याभोवती हलणारं ऊन. डोळे भरून आले. मास्कमधलं पाणी बाहेर काढायचं कसं, ते आता येत होतं.

तुम्हालाही जायचंय?

* आधी पोहायला शिका. विहीर, तरणतलाव, कुठेही. पण शिकवणारा सोबत हवा.
* दमा, कानाचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर आरोग्याच्या फॉर्मवर खरं लिहा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही.
* हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बंद.
* प्रशिक्षकाचा परवाना बघायला मागा. लाजू नका.
* बोटीत लाइफ जॅकेट घाला, सगळे काढून बसले असले तरी. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला.
* डाइव्हनंतर लगेच विमान नको. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास थांबा. उंच घाट चढून कोल्हापूर-बेळगावकडे जाणाऱ्यांनीही हे प्रशिक्षकांना विचारून घ्या. मी कोकण रेल्वेने परतलो, त्यामुळे सुटलो.

परत आमच्या डोहावर

यंदा जुलैत आम्ही सहा जण धबधब्यावर गेलो होतो. निघण्याआधी स्टेशनवरच्या चहाच्या टपरीवर मी सगळ्यांना अंगठ्याची खूण शिकवली. आधी हसले. मग एकाने विचारलं, “म्हणजे कारण पण नाय सांगायचं?” म्हटलं, नाय सांगायचं.

डोहाजवळ पोचलो. पाणी गढूळ होतं, वेगही होता. आमच्यातला सगळ्यात दणकट, व्यायामशाळेत जाणारा गडी काठावर थोडा वेळ उभा राहिला. मग आमच्याकडे वळून त्याने अंगठा वर केला.

आम्हीही पाचही जणांनी केला. मग सगळे काठावर बसून भाजलेली कणसं खाल्ली. त्या दिवशी कुणीच पाण्यात उतरलं नाही.